खाली बसता येणारा पाय

सुभद्राबाई, तुमच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी आमच्या कृत्रिम पायांच्या केंद्रातल्या कपाटाची चावी शोधत होते. सकाळचे नऊ वाजायचे होते. वंदना म्हणाली, "म्याडम, आत्या गेल्या पहाटं. आता आंघूळ घालायची हाय. पाय ठिवावा का काढावा? मानसं इचारून राहिलेत."

मी म्हणाले, "काढा. स्वच्छ पुसून कोरडा करा. सवडीनं इकडे आणून द्या."

फोन ठेवला. चावी सापडली. कपाट उघडून त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की 'गेल्या' या शब्दावर मी काहीच बोलले नव्हते. पायाचं मात्र दहा सेकंदांत सांगून मोकळी झाले होते.

त्याला आता तीन आठवडे झाले. तुम्हाला सांगायच्या गोष्टींची मी सवयीप्रमाणे आधी यादी केली. तुम्ही हसला असता. "म्याडम, तुमी सपनात बी आकडे टाकता का?" असं तुम्ही मला भर हॉलमध्ये विचारलं होतं आणि त्यानंतर आठवडाभर सगळे पेशंट मला तेच विचारत होते. यादी बाजूला ठेवते. सुरुवातीपासून सांगते.

पहिल्यांदा आलात तेव्हा डाव्या गुडघ्याखालचा पाय जाऊन तुम्हाला पाच महिने झाले होते. बाभळीचा काटा, त्यात साखरेचा आजार. ती हकिकत तुम्ही एका वाक्यात सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही. हट्ट्याहून वसमत, वसमतहून हिंगोली, कुबड्या घेऊन दोन एसट्या बदलून आला होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाहीत. हॉलभर नजर फिरवून विचारलंत, "हितं मालक कोन हाय?"

"मालक कोणी नाही. पाय बसवल्यावर चालायला शिकवायचं काम माझ्याकडे आहे."

"मंग तुमीच मालक. मला पुढच्या खुरपनीला शेतात जायाचंय. तितक्यात व्हईल का?"

मी कागदावर लिहिलं: उद्दिष्ट, शेतात जाणे. 'शेतात जाणे' याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. शेतापर्यंत चालत जाणे. चूक तिथेच झाली, पहिल्याच ओळीत.

आमच्या भिंतीवर चौदा मुद्द्यांची यादी होती. ती मीच केलेली. उभं राहणं, तोल सांभाळणं, आधार घेऊन दहा पावलं, आधार सोडून दहा पावलं, वळणं, पायऱ्या, चढ, उतार, असं करत करत चौदाव्या मुद्द्याला माणूस बाजारात जाऊन येतो. वीस वर्षांच्या कामातून ती यादी तयार झाली होती आणि मला तिचा अभिमान होता. तुम्ही ती वंदनाकडून वाचून घेतली आणि काही बोलला नाहीत. तुम्ही गप्प राहिलात म्हणजे तुम्हाला पटलं, असं तेव्हा मला वाटायचं.

चालणं कसं घडतं ते मी तुम्हाला समजावलं होतं. माणूस चालतो म्हणजे दर पावलाला थोडा पुढे पडतो आणि पुढचा पाय त्याला झेलतो. आधी टाच टेकते. मग टेकलेल्या पावलावरून नडगी पुढे झुकते आणि सगळं शरीर तिच्यावरून पलीकडे जातं. शेवटी चवडा जमिनीला रेटा देतो. यातली एक गोष्ट जरी वेळेवर झाली नाही तरी माणूस लंगडतो, दमतो, दुसऱ्या पायावर जास्त भार टाकतो. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी आमी रोज पडत पडतच शेतात जातो म्हना की."

अडीच महिन्यांत तुम्ही अशा चालायला लागलात की मी नव्या पेशंटना तुमचं उदाहरण द्यायचे. बसवलेलं पाऊल घट्ट घोट्याचं होतं, चवड्याचा रेटा उत्तम मिळायचा. साडीखाली कोणता पाय खरा ते ओळखू येत नव्हतं. त्यावर तुमची तक्रार होती. "म्याडम, तुमच्यामुळं माझी एसटीतली शीट गेली. कुबड्या व्हत्या तवा लोक उठून जागा द्यायचे. काल कंडक्टर मलाच म्हनला, म्हाताऱ्या मानसाला बसू द्या."

हे सगळं हसण्यात चाललेलं असताना तुम्ही विचारलंत, "आता बसायचं कवा शिकवनार?"

"खुर्चीवर?"

"खुर्चीवर बसाया काय शाळा लागती? खाली. उकिडवं."

मी सांगितलं, या पावलाचा घोटा वाकत नाही, त्यामुळे उकिडवं बसता येणार नाही. घरात स्टूल वापरा. शेतात बसून करायची कामं टाळा. हे मी अगदी शांतपणे, समजुतीच्या सुरात सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बांधावर बसून पानी पाजायचं काम दिलंय मला. माझ्याच टोळीत."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खुरपणीला जाणाऱ्या बारा बायांची टोळी तुमची आहे. कुठल्या शेतात कधी जायचं ते तुम्ही ठरवता आणि शेतात पहिली पात, म्हणजे खुरपत जायची पहिली पट्टी, तुम्ही धरता. तुमच्या वेगानं बाकीच्या अकरा जणी सरकतात. खुरपं धरून उकिडवं बसता आलं नाही तर तुमचं नाव टोळीत राहणार, पण टोळी दुसरीची होणार. चौदा मुद्द्यांत याला कुठे जागा नव्हती.

तरी मी ऐकत नव्हते. मग तुम्ही आमच्या रशीदभाईंना हाक मारली. रशीदभाई प्लास्टरचं माप घेऊन सॉकेट बनवतात, उरलेला पाय ज्यात बसतो तो कोष. तुम्ही त्यांना म्हणालात, "रशीदभाई, म्याडमच्या घोट्याला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधा. गच्च."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बांध दूँ क्या म्याडम? पेशंट बोल रै."

"बांधा," मी म्हणाले. हॉलमध्ये सहा-सात माणसं होती, नाही म्हणणं शोभलं नसतं.

"आता बसा उकिडवं," तुम्ही म्हणालात. "हातात खुरपं हाय आसं समजा. टाच उचलायची न्हाई."

मी अर्ध्यापर्यंत गेले आणि धपकन मागे पडले. पुन्हा बसले, पुन्हा पडले. सगळे हसत होते. तुम्ही हसत नव्हता. "उठा. आता पात पुढं सरकवा," म्हणालात.

त्यामागचं शास्त्र मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकले होते. आकृती काढून मार्कही मिळवले होते. शरीराचा भार पावलांच्या वर राहिला तर माणूस उभा राहतो किंवा बसतो, तो पावलांच्या बाहेर गेला की पडतो. खाली बसताना कंबर मागे जाते. तिचा तोल राखायला गुडघे पुढे यावे लागतात, आणि गुडघे पुढे यायचे तर नडगी पावलावर झुकली पाहिजे. म्हणजे घोटा वाकला पाहिजे. चालताना तो जेवढा वाकतो त्याच्या कितीतरी जास्त. हे मला माहीत होतं. पण माझ्या माहितीत तुमचं शेत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "या येकदा बघाया." मी एका रविवारी हट्ट्याला आले. हळद गुडघ्याएवढी झाली होती. मला वाटलं तुम्ही बांधावर असाल. तुम्ही पातीत होता. सगळ्यात शेवटच्या, पण पातीत. घट्ट घोट्याच्या त्याच पावलाच्या टाचेखाली तुम्ही लाकडाची एक पाचर सरकवली होती. पाचरीला सुतळी बांधलेली, सुतळी कमरेला. वीतभर पुढे सरकायचं, सुतळीनं पाचर ओढायची, टाचेखाली घालायची, खुरपायचं. घोटा वाकत नव्हता म्हणून तुम्ही सगळं पाऊलच पुढे कलवून घेतलं होतं. नडगी झुकली, गुडघा पुढे आला, तोल साधला. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं आणि मला सुचलं नव्हतं.

पण काळी माती ओली होती. पाचर रुतायची, निसटायची. तुम्ही दोनदा हातावर पडलात, माझ्यासमोर.

मी फोनवर चित्रीकरण करत होते. घरी जाऊन ते पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या पातीवरची बाई थोड्या थोड्या वेळानं खुरपं टेकवून पदर सारखा करत होती. पदर मुळीच सरकलेला नव्हता. ती थांबली की बाकीच्या थांबायच्या आणि तेवढ्यात तुम्ही त्यांना गाठायचात. तुम्हाला ते ठाऊक होतं. दुपारी भाकरी खाताना तुम्ही मला हळूच म्हणाला होता, "किती दिवस थांबतील त्या? येक खुरपनी. दोन. मंग न्हाई. आन थांबू बी नाय त्यांनी."

मी मऊ घोट्याचं रबरी पाऊल मागवलं. रशीदभाईंनी सॉकेटची मागची कड खाली कापून घेतली, म्हणजे गुडघा पूर्ण मिटेल. कापता कापता ते म्हणाले, "मैं तो पैले से बोल रहा था म्याडम. आपकी लिस्ट में नै था तो आप सुने नै." ते खरं होतं. मी त्या दिवशी यादीत पंधरावा मुद्दा घातला. आणि मग वंदनानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिंगोलीला यायचं असलं की तुम्ही सकाळपासून पाणी पीत नव्हता. आमच्याकडचा संडास खाली बसायचा होता. इतके महिने तुम्ही तहानलेल्या चालत होता आणि मी कागदावर 'लवकर दमतात' असं लिहीत होते.

नव्या पावलावर तुम्ही पहिल्यांदा खाली बसलात. तुम्ही बसूनच राहिलात. मी घड्याळ लावलं होतं, पण आकडा लिहायचा राहून गेला. माझ्याकडून असं क्वचित होतं.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते संपलं नाही आणि माझी बाजू अजून मांडायची आहे.

मऊ घोटा बसायला चांगला, चालायला तितका चांगला नाही. पावलाच्या शेवटी चवड्याला रेटा मिळत नाही, शरीर त्या बाजूला किंचित खचतं. तुम्ही पुन्हा लंगडायला लागलात. माझ्या डोळ्यांना ते सहन होत नव्हतं. मी 'चाल घसरली' असं लिहिलं आणि तुम्हाला दर महिन्याला बोलावत राहिले.

"तुम्ही लंगडता, सुभद्राबाई."

"व्हय. पर बसते."

"घोट्यात थोडं घट्ट रबर टाकू. दोन्ही जमेल."

"घट्ट केलं की बसन्यातलं थोडं जाईल का न्हाई? खरं सांगा."

"थोडं जाईल."

"मंग ऱ्हाऊ द्या."

"दुसऱ्या बाजूचा खुबा झिजेल. कंबर धरेल. आज कळणार नाही, पाच वर्षांनी कळेल."

"कंबर समद्याच बायांची दुखती. माजी येकटीचीच दुखली न्हाई तर मला टोळीतली म्हनतील का?"

तरी माझं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. शरीर एका ठिकाणी वाचवलं की दुसऱ्या ठिकाणी वसूल करतं, हे मी रोज पाहते. पण कुठे वाचवायचं आणि कुठे खर्चायचं, हे कोणी ठरवायचं? मी ते माझं काम समजत होते. तुम्ही ते तुमचं समजत होता. पुढच्या भेटीत मी मधल्या घट्टपणाचं रबर लावून बघणार होते, तुम्हाला न सांगता. होय, न सांगता. ती भेट झाली नाही.

एक फोन मात्र झाला होता. गेल्या खुरपणीच्या दिवसांत, दुपारी. मागे बायांचा गलका होता. तुम्ही ओरडून म्हणालात, "म्याडम, पयली पात धरली!" मी विचारलं, "पायाला सूज वगैरे?" तुम्ही म्हणालात, "न्हाई." मी म्हटलं, "रात्री काढून ठेवत जा, तेल लावू नका." तुम्ही बरं म्हणून फोन ठेवलात. मला आनंद झाला होता, सुभद्राबाई. तो सांगायचा असतो हे मला सुचलं नाही.

तुमचे उपकारही आहेत. आमच्याकडे एक माणूस आठ दिवस कठड्याला धरून उभा होता, पुढे जात नव्हता. मी त्याला बसवलेला पाय पुढे टाकायला शिकवत होते. तुम्ही बाकावर बसून चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणालात, "त्यो पाय टाकायला भेत न्हाई. चांगला पाय उचलायला भेतो." नेमकं तेच होतं. चांगला पाय उचलला की सगळा भार नव्या पायावर येतो आणि त्याची भीती आत असते. मी शिकवायची बाजू बदलली. दोन दिवसांत तो कठडा सोडून चालला. त्यानंतर मी अवघड पेशंट तुमच्या भेटीच्या दिवशी बोलवायला लागले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण तुम्ही ओळखलं असणार.

तुमचा पाय चौथ्या दिवशी वंदना घेऊन आली. कापडी पिशवीत, पुसलेला. तळव्याच्या खाचांमध्ये मात्र माती तशीच होती. त्या दिवशी काय झालं ते तिनं सांगितलं. टोळीतल्या बायांचं म्हणणं होतं, पाय राहू द्या, बाई दोन पायांनी जाऊ द्या. तुमच्या मुलाला काही ठरवता येत नव्हतं. म्हणून फोन लावला.

"तुमी काढा म्हनलात," वंदना म्हणाली. "म्याडमनी सांगितलं म्हनल्यावर कोन बोलतं? पट्टा मीच सोडला. मंग आखूड दिसू नाय म्हून लुगडं खाली वडून घेतलं."

ती रागावली नव्हती. चहा नको म्हणाली, एवढंच.

माझ्याकडे कारणं आहेत. सॉकेट प्लास्टिकचं असतं, ते चितेवर जाऊ नये. पाऊल चांगलं असलं तर दुसऱ्याला लावता येतं, आमचा तसा नियम आहे. दोन्ही कारणं खरी आहेत. पण त्या सकाळी मी कारणांचा विचारच केला नव्हता. वंदनाला उलट विचारायचं होतं, "तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?" तेवढं विचारलं असतं तर पाय तुमच्याबरोबर गेला असता. तुम्ही पहिल्या दिवशी जे मागितलं त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला, आणि शेवटच्या दिवशीही तेच केलं. हे मी वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या म्याडम. कुनाला कामाला येत आसंल तर द्या. पर मेलेल्या बाईचा हाय म्हून सांगू नका. कोन घालंल?"

सेनगावकडची एक बाई दोन महिन्यांपासून थांबलेली आहे. डावाच पाय, पावलाचं माप तेच. चुलीपुढे बसून स्वयंपाक, गोठ्यातलं काम, सगळं खाली बसूनच. ती मला जे सांगत गेली ते मी या वेळी तिच्या शब्दांत लिहून घेतलं. रशीदभाईंनी तुमचं पाऊल सॉकेटपासून सोडवलं, धुतलं, तळवा घासून काढला. सॉकेट प्रत्येकाचं वेगळं, तिचं नवीन होईल.

सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. वंदनाची अट होती. पण या बाईला न विचारता तिच्या पायात काही घालायचं, हे आता माझ्यानं होणार नव्हतं. वंदनाला मी फोन करून सांगेन, ती रागावली तर ऐकून घेईन.

काल ती बाई आली. मी पाऊल तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "हे वापरलेलं आहे. हट्ट्याच्या एका बाईंचं होतं. त्या वारल्या. तुम्हाला नको असेल तर नवीन येईपर्यंत थांबता येईल, तुम्ही सांगाल तसं करू."

तिनं पाऊल उलटसुलट करून पाहिलं. चवडा दाबला, घोटा वाकवला. मग तिनं विचारलं, "ह्याच्यावर ती खाली बसत व्हती का?"

"हो," मी म्हणाले. "दिवसभर. बारा बायांच्या पुढे. आणि तेच बरोबर होतं."

शेवटचं वाक्य तिच्यासाठी नव्हतं. तिनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ती साडी गुडघ्यापर्यंत सावरत म्हणाली, "मंग माप घ्या."